वजनकाटा ते कार्यालय: विंडोजच्या मेसेज क्यूइंगसोबत दहा महिने

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या काजू कारखान्यात मार्च २०२५ मध्ये काजू बीची खरेदी सुरू झाली, तेव्हापासून तीन संगणक विंडोजमधील मेसेज क्यूइंग या सोयीवर चालतात. एक गोदामाच्या दारातील वजनकाट्याला जोडलेला आहे, दुसरा काजूगराच्या पॅकिंगच्या खोलीत आहे आणि तिसरा कार्यालयात. पोते काट्यावर चढले की त्याच्या वजनाचा संदेश तयार होतो, तो पाठवणाऱ्या संगणकाच्या रांगेत थांबतो आणि कार्यालयाचा संगणक मिळाला की तिकडे जातो. आमच्याकडे मिरगाआधीच्या वाऱ्यातसुद्धा लाईट दिवसातून चारदा जाते. त्यामुळे समोरचा संगणक बंद असला तरी काट्याचे काम अडू नये, ही या व्यवस्थेतील गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली आणि आजही वाटते.

ही सोय नवी नाही. विंडोज एनटीच्या काळात, १९९७ साली ती आली. कंट्रोल पॅनेलमधील विंडोज फीचर्सच्या यादीत खूण केली की ती बसते आणि पुढे कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये दिसू लागते. बसवण्याबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखे आहे ते बिघाडांबद्दल, कारण रांगेचा जो गुण तोच तिचा दोष आहे: संगणकांचे जाळे तुटले तरी ती तक्रार करत नाही, निमूट संदेश साठवत राहते. काट्यावरच्या मुलाला सर्व काही सुरळीत दिसते आणि कार्यालयात मात्र दुपारपासून एकही नोंद आलेली नसते.

पहिला मोठा बिघाड मे महिन्यात झाला. विजेच्या झटक्याने राउटर जळाला आणि नवा बसवला. पिंगला, म्हणजे समोरचा संगणक जाळ्यावर आहे का ते पाहणाऱ्या आज्ञेला, उत्तर मिळत होते, म्हणून मी दोन दिवस सॉफ्टवेअरवाल्यालाच बोल लावत राहिलो. प्रत्यक्षात दोन गोष्टी एकदम घडल्या होत्या. नवा राउटर दिसताच कार्यालयाच्या विंडोजने ते जाळे नवे समजून ‘पब्लिक’ या अनोळखी जाळ्यांच्या वर्गात टाकले होते, आणि नको त्या जोडण्या अडवणाऱ्या फायरवॉलमध्ये टीसीपी पोर्ट १८०१ ची, म्हणजे रांगेचे संदेश ज्या दारातून येतात त्याची, परवानगी आमच्याकडे फक्त ‘प्रायव्हेट’ वर्गापुरती होती. पिंग या पोर्टावरून जात नाही, त्यामुळे त्याच्या उत्तरावरून रांगेबद्दल काहीच कळत नाही. विंडोजमध्ये आज्ञा टाइप करण्याच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा संगणकाचे नाव आणि १८०१ हा पोर्ट देऊन चालवली, तेव्हा खरे चित्र दिसले.

दुसरी गोष्ट अधिक चिवट होती. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्यालयाच्या रांगेचा पत्ता ‘डायरेक्ट=टीसीपी’ या प्रकारात, म्हणजे थेट आयपी क्रमांकाने लिहिलेला होता आणि नव्या राउटरने तो क्रमांक बदलला होता. पत्ता ‘डायरेक्ट=ओएस’ या प्रकारात संगणकाच्या नावाने लिहिल्यावर नवे संदेश जाऊ लागले; परंतु आधी अडकलेले संदेश जुन्याच पत्त्याच्या नावाने आउटगोइंग क्यूमध्ये, म्हणजे बाहेर जाणाऱ्या संदेशांच्या रांगेत, बसून होते, कारण संदेश रांगेत पडल्यानंतर त्याचा पत्ता आपल्याला बदलता येत नाही. शेवटी राउटरमध्ये कार्यालयाच्या संगणकासाठी जुनाच क्रमांक कायमचा राखून ठेवला, तेव्हा दोन दिवसांची सगळी पोती दहा मिनिटांत वहीत उतरली. त्या दहा मिनिटांत या व्यवस्थेवरचा माझा राग बराच निवळला.

जुलैमधील बिघाडाने मात्र खरा अंत पाहिला. दमट, खाऱ्या हवेने गोदाम आणि पॅकिंग या दोन्ही ठिकाणचे संगणक दगावले. स्थानिक दुरुस्तीवाल्याने एकच डिस्क तयार करून तिची हुबेहूब प्रत दुसऱ्या संगणकात घातली आणि फक्त संगणकाचे नाव बदलले. त्यानंतर गोदामाचे संदेश गेले की पॅकिंगचे अडायचे आणि पॅकिंगचे सुटले की गोदामाचे. जावाजावांचे भांडण असावे तसा प्रकार! आउटगोइंग क्यूमध्ये जोडणी ‘कनेक्टेड’ दिसे, पण पोच न मिळालेल्या संदेशांचा आकडा वाढत राही. कारण असे, की प्रत्येक संगणकावरील मेसेज क्यूइंगला बसवतेवेळी एक स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो. विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठतात त्या रजिस्ट्रीत त्याचे नाव क्यूएमआयडी आहे आणि डिस्कची प्रत काढली की तोही जसाच्या तसा उतरतो. कार्यालयाचा संगणक त्या ओळखीसोबत आयपी पत्ता लक्षात ठेवतो, त्यामुळे एकाच्या संदेशाची पोच तो दुसऱ्याकडे धाडत होता. रांग रिकामी असल्याची खात्री करून सेवा थांबवली, मशीनकॅश या नोंदीखालील क्यूएमआयडी पुसला, पॅरामीटर्सखाली सिसप्रेप नावाची किंमत १ केली आणि सेवा पुन्हा सुरू केली. नवी ओळख मिळाली आणि भांडण मिटले.

दोन लहान बाबी थोडक्यात सांगतो. आमच्याकडे डोमेन, म्हणजे सर्व संगणकांची खाती एकाच ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था नाही, साधा वर्कग्रुप आहे; अशा ठिकाणी स्वीकारणाऱ्या रांगेवर ‘अ‍ॅनॉनिमस लॉगऑन’ला (ओळख न पटलेल्या पाठवणाऱ्याला) संदेश पाठवण्याची परवानगी दिलेली नसेल तर संदेश पाठवणाऱ्याकडून निघतो आणि समोर नाकारला जातो. पाठवताना डेड-लेटर क्यूची, म्हणजे न पोचलेले संदेश ठेवणाऱ्या रांगेची, मागणी केलेली नसेल तर त्याचा मागमूसही उरत नाही. तसेच ‘एक्स्प्रेस’ प्रकारचे संदेश केवळ मेमरीच्या भरवशावर असतात. एका संध्याकाळी लाईट गेली आणि अकरा पोत्यांची नोंद अशीच हरवली. पावतीपुस्तक होते म्हणून शेतकऱ्यांपुढे मान खाली घालावी लागली नाही. त्यानंतर सर्व संदेश ‘रिकव्हरेबल’ करून घेतले, म्हणजे ते डिस्कवर लिहिले जातात. वेगात पडलेला फरक काट्यावर जाणवतसुद्धा नाही.

नव्याने सॉफ्टवेअर लिहून घेणाऱ्याला मी हा मार्ग सुचवणार नाही. सॉफ्टवेअर लिहिण्यासाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ही रांग वापरण्याचा सिस्टिम-मेसेजिंग हा भाग आलेला नाही, शिवाय एप्रिल २०२३ मध्ये याच सेवेतील एक अतिगंभीर सुरक्षादोष दुरुस्त करावा लागला होता, म्हणून पोर्ट १८०१ बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडा ठेवू नये. डिसेंबर २०२५ च्या विंडोज १० च्या अपडेटने सिस्टिम३२ मधील रांगेच्या साठवणीच्या फोल्डरच्या परवानग्या बदलल्या आणि अनेकांना डिस्क वा मेमरी अपुरी असल्याचा चुकीचा संदेश दिसू लागला. त्यावर त्याच महिन्यात वेगळी दुरुस्ती आली. आमचे तिन्ही संगणक ऑक्टोबरातच विंडोज ११ वर गेल्याने आम्हाला त्याची झळ लागली नाही. पण ज्यांचे सॉफ्टवेअर याच रांगेवर उभे आहे, त्यांनी ती घाईने टाकून देण्याचे कारण मला दिसत नाही.

सध्या काटा बंद करण्यापूर्वी आउटगोइंग क्यूमधील आकडा पाहण्याचे काम काट्यावरच्या मुलाकडे आहे. आकडा शून्य नसला की तो मला हाक मारतो आणि मी सर्वांत आधी केबलचे टोक काढून पाहतो, कारण दहापैकी सहा वेळा तिथल्या पिनांवर खाऱ्या हवेचा हिरवट थर चढलेला असतो.