निकॉर १०५ घेताय? कान, नाक आणि अक्षरांचा गोंधळ

निकॉनची जुनी निकॉर १०५ एमएम २.५ लेन्स घ्यायचं ज्यांनी पक्कं केलंय, पण पाच जणांकडून पाच नावं ऐकून जे अडलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लेन्स चांगली आहे की नाही, यात वेळ घालवत नाही. १९५४ साली रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी आलेली, १९५९ मध्ये निकॉन एफचा माउंट मिळालेली आणि २००५ पर्यंत बनत राहिलेली ही लेन्स आहे. इतकी वर्षं कुठली कंपनी उगाच एखादी वस्तू बनवत नाही. खरी अडचण नावांची आहे. एक जण ‘पी’ म्हणतो, दुसरा ‘पीसी’, तिसरा ‘के’, आणि ‘के’ हे अक्षर तर लेन्सवर शोधूनही सापडत नाही.

मी यातल्या तीन वापरल्या. पुढे चंदेरी कडं असलेली, ‘क्रोम नोज’ म्हणतात ती साठच्या दशकातली पी, मग एआय-एस आणि शेवटी एआय. एआय म्हणजे कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरशी आपोआप जुळणारी लेन्स, एआय-एस ही तिची पुढची आवृत्ती. दोन दुसऱ्यांच्या घरी गेल्या, एक राहिली.

आधी अक्षरं. निकॉर या नावापुढे कंपनी भिंगांची संख्या अक्षराने छापायची. क्यू म्हणजे चार, पी म्हणजे पाच, एच म्हणजे सहा, एस म्हणजे सात. ग्रीक-लॅटिन आकड्यांची आद्याक्षरं. त्यापुढे सी असेल तर मल्टिकोटिंग, म्हणजे चकाकी कमी करणारे काचेवरचे अनेक थर. इथवर सोपं आहे. घोटाळा असा की १९७१ मध्ये लेन्सची आतली रचना पूर्ण बदलली आणि तरी भिंगं पाचच राहिली. म्हणजे पुढे ‘पी’ दिसला म्हणून आत काय आहे ते कळत नाही. जुनी रचना सोन्नार पद्धतीची, पाच भिंगं तीन गटांत चिकटवलेली. विकणाऱ्यांच्या तोंडी तिचा सरळ ‘सोनार’ होतो, पण नाव जर्मन आहे, सूर्यावरून आलेलं. नवी रचना गाउस पद्धतीची, पाच भिंगं चार गटांत. ओळखायचं कसं? लेन्स उलटी करून मागून बघा. मागचं भिंग लहान असेल तर जुनी, मोठं आणि भरलेलं दिसलं तर नवी. विकणारा काय म्हणतो त्यापेक्षा या एका नजरेवर माझा भरवसा जास्त.

याच पीचा आणखी एक अवतार आहे. पुढे निकॉनने इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या काही मॅन्युअल लेन्स काढल्या, त्यांना ‘एआय-पी’ म्हणतात. त्या पीचा पाच भिंगांशी काही संबंध नाही. १०५ २.५ एआय-पी म्हणून कोणी विकत असेल तर तो दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतोय, कारण अशी लेन्स निघालीच नाही.

‘के’ हे संग्राहकांनी दिलेलं नाव. सत्तरच्या दशकाच्या मध्यात निकॉनने अक्षरं काढून टाकली, फोकसच्या रिंगला रबर चढवलं, तेव्हाची ही लेन्स. आतून गाउस, बाहेरून जवळजवळ एआयसारखी, पण एआय नव्हे. फसायची शक्यता इथे सर्वांत जास्त.

आता कान. अ‍ॅपर्चरच्या (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या) रिंगवर धातूचा दुहेरी काटा असतो, त्याला ‘रॅबिट इअर्स’ म्हणतात. जपानमध्ये त्याच काट्याला खेकड्याच्या नांग्या म्हणतात, आणि मला तेच नाव जास्त पटतं, कारण तो खरोखर कॅमेऱ्याच्या मीटरची पिन पकडतो. पूर्वी लेन्स लावली की रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायची, मग मीटरला लेन्सचं सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर कळायचं. १९७७ साली एआय आलं आणि हा सोपस्कार गेला. तरी कान राहिले, जुन्या कॅमेऱ्यांसाठी. त्यामुळे ‘कान आहेत म्हणजे जुनी’ हे खरं नाही. एआयच्या कानांना भोकं असतात आणि रिंगवर मोठ्या आकड्यांच्या मागे बारीक आकड्यांची दुसरी ओळ असते. एआय-एसमध्ये २२ हा आकडा दोन्ही ओळींत नारिंगी असतो.

हे का बघायचं? तुमच्याकडे निकॉनचा एफएम२ कॅमेरा असेल तर एआयच्या आधीची लेन्स त्याच्यावर जबरदस्तीने लावू नका. माउंटभोवतीच्या रिंगवरचा छोटा खटका मोडू शकतो. एफएम, एफई आणि एफ३ वर तो खटका वर उचलता येतो. एफएम२ वर येत नाही. आपल्याकडे मग एक मधला मार्ग निघतो: रिंगची कड कानशीने घासून लेन्स ‘एआय केलेली’ असते. चांगल्या हाताने केलं असेल तर काम उत्तम चालतं. मात्र काप चुकीच्या जागी पडला की मीटर स्टॉपभर, म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा धरून, खोटं बोलतो. मी एकदा अशी एक लेन्स लावून पाहिली, तीच भिंत, तोच उजेड, आणि माझ्या ५० एमएमपेक्षा मीटर चांगलाच वेगळा. म्हणून घ्यायला जाताना आपली एक खात्रीची लेन्स सोबत न्या. मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून वापरणार असाल तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. तुम्ही फक्त काच बघा.

काच बघायची म्हणजे मोबाइलचा टॉर्च मागून लावून. आपल्या चार महिन्यांच्या पावसात कपाटात पडलेल्या लेन्समध्ये कडेने जाळीसारखी बुरशी चढते. ती चिकटवलेल्या भिंगांच्या मधे शिरली असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

सोन्नारबद्दल मनापासून चांगलं सांगतो. राजापूरला माझी आत्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. २.५ वर, जितकं जवळ जाता येतं तितकं, म्हणजे १.२ मीटरवरून फोटो काढला. डोळ्यांच्या कडांवर हलकी साय धरल्यासारखा मऊपणा आला आणि मागची जांभ्याची भिंत विरघळून गेली. असा फोटो मला गाउसने काढता आला नाही. पण आकाश फ्रेममध्ये आलं की हीच लेन्स गडबडते, आणि जवळच्या अंतरावर ती नव्यापेक्षा मऊच आहे. नवी १ मीटरपर्यंत जाते आणि तिथेही नीट धारदार राहते. मला एकच १०५ ठेवायची होती, म्हणून पी गेली.

एक सूचना इथेच. ‘त्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीची लेन्स’ म्हणून प्रत्येक १०५ विकली जाते. तो फोटो १९८४ चा. तोवर गाउस येऊन तेरा वर्षं झाली होती. चंदेरी नाकाच्या सोन्नारला ती पुण्याई लावून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

राहिल्या एआय आणि एआय-एस, आणि खरी निवड यांच्यातच आहे. आतली रचना तीच, फोटो शेजारी ठेवले तर मला फरक ओळखता येत नाही. एआय-एसचा ‘एस’ ज्या कॅमेऱ्यांच्या प्रोग्रॅम मोडला उपयोगी पडतो तसा कॅमेरा माझ्याकडे नाही. तिची फोकसची रिंग माझ्या हाताला किंचित चपळ वाटली, ते मला आवडलंही. शिवाय तिचा हूड, म्हणजे भिंगावर आडवा उजेड पडू न देणारी पुढची नळी, अंगातच बसवलेला, पुढे ओढला की झालं. कागदावर तीच सरस.

पण तो हूड कुठेही अडकत नाही, फक्त घट्टपणावर उभा राहतो. साताऱ्याजवळच्या एका तालमीत मी पुरलेल्या मल्लखांबाचे फोटो काढत होतो. मुलगा खांबाच्या टोकावरच्या बोंडावर पोटाच्या आधाराने आडवा झालेला, मी खाली मॅटवर बसून कॅमेरा वर धरलेला, मागे दुपारचं पांढरं आकाश. कॅमेरा वर धरला की हूड आपल्या वजनाने हळूच मागे घसरायचा. डोळा व्ह्यूफाइंडरला, लक्ष मुलाच्या पायाच्या अंगठ्यावर, हूडकडे कोण बघणार? रोल धुऊन आला तेव्हा पहिले दहा-बारा फोटो खणखणीत आणि त्यानंतरचे राखाडी, धुक्यात काढल्यासारखे. त्यात तो बोंडावरचा फोटोही होता. तो मुलगा पुढच्या वर्षी तालमीत नव्हता.

मी हूडच्या आत वायरमनची काळी टेप लावून पाहिली. दोन महिने चाललं. जूनमध्ये टेपचा चिकटा सुटला, हूड पुढे येईना आणि बोटांना काळं लागायला लागलं. तेव्हा मी एआय शोधायला घेतली.

एआयला वेगळा, पत्र्याचा, खटकन बसणारा हूड आहे. उलटा करून लेन्सवरच ठेवता येतो. विसरायची भीती आहे, हे मान्य. सुटा मिळवायला दुकानं पालथी घालावी लागतात, तेही मान्य. पण बसला की हलत नाही. माझ्या हूडला एका बाजूने पोचा आलाय, तरी तो वर धरलेल्या लेन्सवर तासभर जागच्या जागी राहतो.

माझ्या एआय-एसचा हूड सैल होता म्हणून सगळ्यांचे तसेच असतील, असं मी म्हणणार नाही. एका मित्राचा अजून घट्ट आहे आणि तो आपल्या लेन्सवर खूश आहे. तुम्हाला एआय-एस मिळत असेल तर दुकानातच हूड पूर्ण बाहेर काढा, लेन्स छताकडे करा, हलकेच दोन हिसके द्या. जागचा हलला नाही तर बिनधास्त घ्या. हलला, आणि शेजारच्या खणात भोकांच्या कानांची, आकड्यांच्या दोन ओळींची, काच स्वच्छ असलेली एआय असेल, तर मी ती उचलेन. हूड सोबत आहे का, तेवढं पैसे देण्याआधी विचारा.