डॅशकॅमचं ‘कन्सील्ड’ फिटिंग : वायरीबरोबर लबाडीही लपते

‘कटिंग-बिटिंग काही नाही सर, कपलर टू कपलर. कंपनीला पण कळणार नाही.’ गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात हे वाक्य ऐकलं नाही असा गाडीवाला पुण्यात शोधून सापडणार नाही. म्हणजे वायर कापायची नाही, कंपनीच्या प्लगला तयार प्लग जोडायचा. म्युझिक सिस्टिमच्या बाबतीत ते बरेचदा खरंही असतं. पण डॅशकॅमसाठी, म्हणजे काचेला लावून रस्ता रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यासाठी, तयार कपलर बहुतेक गाड्यांत येतच नाही. तेव्हा डॅशकॅमच्या फिटिंगला कुणी ‘कपलर टू कपलर’ म्हणाला, तर त्याने कपलर कुठला ते आधी बोट लावून दाखवावं.

कॅमेरा मी आधीच घेतलेला होता. गाडी रात्री सोसायटीबाहेर रस्त्यावर उभी असते आणि आल्यागेल्याने ओरखडे काढून झालेले आहेत. म्हणून गाडी बंद असतानाही धक्का लागला की रेकॉर्डिंग व्हावं, म्हणजे पार्किंग मोड चालावा, एवढीच माझी गरज होती. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून ते होत नाही. बऱ्याच गाड्यांत चावी बंद केली की सॉकेटही बंद होतं, शिवाय वायर डॅशबोर्डवरून लोंबकळत राहते. त्यासाठी हार्डवायर किट लागतं. किट म्हणजे काडेपेटीएवढी डबी आणि तीन वायरी. साधारणपणे पिवळी कायम चालू असलेल्या सप्लायवर, लाल चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या सप्लायवर आणि काळी बॉडीला अर्थ. डबी 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करते, आणि बॅटरी ठरावीक व्होल्टेजच्या खाली उतरली की कॅमेऱ्याचा सप्लाय तोडते. या कट-ऑफसाठीच किटला पैसे मोजायचे असतात. चांगली बॅटरी पूर्ण चार्ज होऊन शांत असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12 च्या खाली गेली की सकाळी गाडी चालू होईल याचा भरवसा नाही.

नाना पेठेच्या बाजूला एक दुकान ओळखीच्यांनी सुचवलं. व्हॉट्सॲपवर कोटेशन आलं : कट-ऑफवालं हार्डवायर किट आणि दोन फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेवरून वेगळा सप्लाय काढायची जोडणी) 2,400, कन्सील्ड फिटिंग 1,800. दुकान चकाचक, मालक गोडबोल्या. बोलता बोलता त्याने रडार डिटेक्टरही दाखवला. ‘एक्स्प्रेसवेला लावा, कॅमेरा आला की वाजतो.’ मी तिथेच हात जोडले. हायवेवरच्या पोलिसांच्या बऱ्याच इंटरसेप्टर गाड्यांत लेझरची स्पीडगन असते, ती रडारच्या डिटेक्टरला कळत नाही. लेझर पकडणारा डिटेक्टर असला तरी तो वाजेपर्यंत तुमचा वेग मोजून झालेला असतो. आणि रस्त्यावरच्या दोन कॅमेऱ्यांच्या कमानींमधला सरासरी वेग काढणाऱ्या यंत्रणेपुढे कुठलाच डिटेक्टर काय करणार? असला माल छातीठोकपणे विकणाऱ्याच्या बाकीच्या शब्दालाही किती किंमत द्यायची, हे ज्याने त्याने ठरवावं.

या धंद्याची रचनाच अशी असते की गाडी आत जाते आणि गिऱ्हाईक बाहेर. तुम्हाला एसीत बसवतात, चहा येतो, टीव्ही लावतात. ‘आत जागा कमी आहे सर, पोरांना काम करू द्या.’ काम झाल्यावर गाडी समोर आली ती देखणी दिसत होती. वायर छताच्या अस्तरात गेलेली, पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या कव्हरमधून खाली उतरलेली, बोटभरही कुठे दिसत नव्हती. हातात मिळालं ते बिल नव्हतं, ‘एस्टिमेट’ छापलेला कागद होता. पक्कं बिल मागितल्यावर ‘जीएसटी वर लागेल’ हे ठरलेलं उत्तर. मी लागू दे म्हणालो. तरी बिलावर लिहिलं काय, तर ‘कॅमेरा किट व फिटिंग’. कट-ऑफ नाही, फ्यूज टॅप नाही.

गणपतीला गावी गेलो. गाडी अंगणात उभी. निघायच्या दिवशी चावी फिरवली तर नुसतं कट कट कट. शेजाऱ्यांच्या जीपवरून जंप देऊन गाडी संगमेश्वरच्या बाजूच्या एका मेस्त्रींकडे नेली. वायरिंगचंच काम करणारा, साठीच्या पुढचा माणूस. त्यांनी आधी इंजिन चालू ठेवून चार्जिंग बघितलं. 14.2 व्होल्ट, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठणठणीत. मग गाडी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढली, बंद गाडी किती करंट ओढते ते बघायला टर्मिनल आणि केबलच्या मध्ये मीटर लावला, दारं लॉक केली आणि विडी ओढत उभे राहिले. गाडीतले सगळे कंट्रोलर (छोटे कॉम्प्युटर) झोपायला वेळ लागतो, तोवर आकडा खरा नसतो. मीटर स्थिरावला 0.38 अँपिअरवर. गाडी झोपलेली असताना तो 0.05 च्या आत असायला हवा. एकेक फ्यूज उपटत गेले. आतल्या दिव्याचा फ्यूज निघाला आणि आकडा धपकन खाली आला.

हिशेब सोपा आहे. 0.38 गुणिले 24 तास म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-अवर. माझ्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-अवरची. दोन दिवसांत निम्मी रिकामी, पुढे स्टार्टर उचलणार कसा?

स्टिअरिंगखालचं पॅनल उतरवल्यावर सगळा कारभार उघडा पडला. आतल्या दिव्याची कंपनीची वायर ब्लेडने नखाएवढी सोललेली, त्यावर कॅमेऱ्याची वायर पिळून गुंडाळलेली आणि वर काळी टेप. उन्हाने टेपचा चीक सुटून ती निम्मी उलगडली होती. सोलताना कंपनीच्या वायरीच्या काही तारा कापल्या गेल्या होत्या. टॅप नव्हतेच. मेस्त्री वायर बोटावर धरून म्हणाले, ‘ह्यात फ्यूजच नाय हो सायेब.’ कॅमेऱ्याची वायर दोऱ्यासारखी बारीक आणि ती ज्या लाइनवर पिळली होती तिचा फ्यूज 15 अँपिअरचा. बारीक वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर 15 चा फ्यूज उडायच्या आधी वायरच तापून वितळणार. फ्यूज टॅपमध्ये मूळ फ्यूज आपल्या जागी राहतो आणि कॅमेऱ्यासाठी दोन-तीन अँपिअरचा वेगळा बसतो, तो याचसाठी.

आता ‘किट’. नाव-गाव नसलेला कन्व्हर्टर, त्याला वायरी दोनच, लाल आणि काळी. तिसरी नाही म्हणजे गाडी चालू आहे की बंद हे कॅमेऱ्याला कळायचा मार्गच नाही. तो बिचारा पार्किंग मोडमध्ये कधी गेलाच नव्हता, अंगणात गणपतीभर पूर्ण ताकदीने रेकॉर्डिंग करत बसला होता. कट-ऑफ तर नव्हताच. ही डबी ब्रेक पेडलच्या वरच्या पत्र्याला दुहेरी टेपने चिकटवलेली, एका बाजूने सुटत आलेली. ती पेडलखाली पडली असती तर, हा विचार मी घाट उतरताना करायचा नाही असं ठरवलं.

खांबाचं कव्हर मी आग्रहाने काढायला लावलं. ज्या गाडीत कर्टन एअरबॅग, म्हणजे बाजूच्या काचेवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग, असते तिच्या पुढच्या खांबाच्या कव्हरवर ‘एसआरएस एअरबॅग’ असं कोरलेलं असतं. आत ती एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते आणि अपघातात डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगून खाली येते. वायर न्यायची तर तिच्या मागून, कंपनीच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) बांधून. इथे वायर एअरबॅगच्या पुढून आडवी नेली होती आणि हलू नये म्हणून झिप टायने चक्क एअरबॅगच्या घडीलाच आवळली होती. बाहेरून नीटनेटकं दिसण्याचं रहस्य हे.

मेस्त्रींनी सगळं काढून कापलेली वायर सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह घातली. पैसे विचारले तर ‘द्या काय ते’. प्रत्येक टप्प्याचे फोटो मी काढून घेतले, काढलेला माल पिशवीत घेतला.

दुकानदाराला फोन केला. आधी ‘असं होणारच नाही’, मग ‘गाडी एवढे दिवस उभी ठेवली तर बॅटरी जाणारच’, मग ‘किट म्हणजे हेच असतं, सगळीकडे हेच लावतात’, आणि शेवटी ‘ज्या पोराने काम केलं तो सोडून गेला’. कोटेशनचा स्क्रीनशॉट पाठवल्यावर निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

तुमचं फिटिंग होऊन गेलं असेल तर आजच तपासता येईल. गाडी बंद करून लॉक करा, जरा वेळाने काचेतून बघा. कॅमेऱ्याचा दिवा किंवा स्क्रीन नेहमीसारखीच चालू असेल तर पार्किंग मोड लागलेला नाही. दुकानदाराला विचारा, कॅमेरा कुठल्या फ्यूजवर आहे? त्याने टॅपवरचा छोटा फ्यूज तुमच्यासमोर उपटावा, कॅमेरा बंद पडला पाहिजे. ‘आतून घेतलंय सर’ हे उत्तर आलं की पॅनल उघडायला लावा. एअरबॅग, एबीएस, इंजिन कंट्रोलर यांच्या फ्यूजवर टॅप लावू देऊ नका. नवीन काम असेल तर किटचा सीलबंद खोका तुमच्यासमोर फुटला पाहिजे आणि रिकामा खोका तुम्हाला मिळाला पाहिजे. पॅनल बंद करायच्या आधी फोटो मागा. गाडी वॉरंटीत असेल तर जास्तच जपा. सोललेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटरवाले इलेक्ट्रिकलच्या क्लेमला नाही म्हणायला मोकळे होतात.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली. बिल, कोटेशनचा स्क्रीनशॉट आणि फोटो जोडले. तक्रार दुकानापर्यंत पोचल्यावर मालकाचा फोन पुन्हा गोड झाला आणि किट व फिटिंगचे 4,200 परत आले. बॅटरी पूर्ण बसल्यामुळे बदलावी लागली, तिचे पैसे द्यायला मात्र तो तयार नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. बॅटरीचं बिल आणि ती पिशवी घेऊन आता तिकडेच अर्ज करतोय.