पेलेटची चूल: एक पावसाळा आणि एक हिवाळा काढल्यावर

चूल चांगली आहे. पण घरात रोज सकाळी तिची राख काढणारं माणूस नसेल, तर घेऊ नका.

आमचं घर वसमत तालुक्यातलं. गॅस आहेच, पण अंघोळीचं पाणी, भाकरी आणि हरभरा-मठ शिजवणं लाकडावर चालायचं. सासूबाईंना धूर सोसवेना म्हणून ही पंख्याची चूल आणली. डब्यात पेलेट, म्हणजे भुसा नाहीतर काडी दाबून केलेल्या छोट्या कांड्या, भरायचे, वरून पेटवायचे. पंख्याची थोडी हवा खालच्या जाळीतून येते, बाकीची वरच्या कडेच्या बारीक भोकांतून. निघणारा धूर त्या भोकांपाशीच जळून जातो, म्हणून भिंत काळी होत नाही. ही भोकं बुजली की जाळ पिवळा पडतो, तव्याच्या बुडाला काजळी धरते आणि लोक म्हणतात, चूल बिघडली. बिघडत काही नाही. गार चुलीत दाभण घेऊन एकेक भोक मोकळं करायचं, जाळीवरची राख ब्रशनं झटकायची, झालं.

रात्रीची राख सकाळीच काढा आणि लोखंडी घमेल्यातच टाका. वरून गार दिसते, पण पोटात विस्तव राहतो. प्लास्टिकची बादली किंवा पोतं जवळसुद्धा नको. आतून पाण्यानं धुवायचं नाही. आतलं अस्तर तडकतं आणि पाणी पंख्यापर्यंत जातं. पंख्याची पाती महिन्याकाठी सुक्या रंगाच्या ब्रशनं साफ करते. आमच्याकडे उन्हाळ्यात फुफाटा असतो, तेव्हा पंधरवड्याला करावं लागेल.

खरी गोम पेलेटमध्ये आहे. लाकडाच्या भुशाचे चांगले पेलेट जळून एखादा टक्काच राख उरते. पऱ्हाट्या, तुराट्या, सोयाबीनचं भुसकट यांच्या पेलेटला चार-पाच टक्के आणि पुढेही. शिवाय पऱ्हाटी उपटताना मुळाला काळी माती येते, तीही त्यात दळली जाते. पिकाच्या काडीत पोटॅश जास्त असल्यानं ही राख जाळात वितळते आणि जाळीवर खंगर जमतो, वीटभट्टीत जळून काळ्या पडलेल्या विटेसारखा. तो गरम असताना उचकटू नका, जाळी वाकते. पूर्ण गार झाला की चिमट्यानं बहुतेक वेळा अख्खा निघतो. मी आता दोन्ही प्रकार ठेवते: स्वयंपाकाला भुशाचे, पाणी तापवायला पऱ्हाटीचे.

पावसाळ्यात पेलेट हवेतला ओलावा ओढून फुगतात आणि त्यांचा भुसा होतो. असा भुसा जाळीत गच्च बसतो आणि नुसता धुपतो. पोतं जमिनीवर नको. आम्ही ज्वारीची जुनी पत्र्याची कोठी त्यालाच दिली. घेताना दोन-चार पेलेट पाण्यात टाकून पाहावेत. घट्ट दाबलेला पेलेट बुडतो, तरंगला तर दुसरीकडे विचारा.

भाकरीचं म्हणाल तर जाळ पंख्याच्या बटणावर कमी-जास्त होतो, तवा सारखा तापतो, भाकरी टम्म फुगते. शेवटी नुसते निखारे राहतात, त्यात वांगं छान भाजतं. अडचण एकच: एकदा भरलेलं सरलं की मध्येच वरून टाकता येत नाही, टाकलं तर धूर. पाहुणे आले की गॅस लावावाच लागतो. लाईट गेल्यावर पंखा थांबतो, तेव्हा बॅटरीची जोडणी असलेलीच चूल घ्या. आणि थंडीत निखाऱ्याची चूल बंद खोलीत उबेला ठेवू नका. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो.

पैसे वाचतात का, हे सगळे विचारतात. पंख्याच्या चुलीची कार्यक्षमता किमान 35 टक्के हवी, असं बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) मानक सांगतं. गॅसची शेगडी त्याहून बरीच पुढे असते आणि किलोमागे गॅसची उष्णता पेलेटच्या अडीच-तीनपट. माझ्या हिशेबानं 14.2 किलोच्या सिलिंडरचं काम करायला सत्तरेक किलो पेलेट लागतात. आपल्या गावचा भाव घालून पाहा; घरगुती सिलिंडरपुढे फार काही सुटत नाही. सरपण विकत घेणाऱ्याला मात्र फरक दिसेल.

राख भांड्यांना, कडधान्यात मिसळायला कामी येते. शेतात पाट्याच्या पाट्या ओतू नका. आपली काळी जमीन आधीच विम्लधर्मी, पोटॅशही तिच्यात बहुधा भरपूर.

पंखा साधा 12 व्होल्टचा आहे, तसा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. जाळी मात्र त्या-त्या चुलीच्या मापाचीच लागते. दुकानदाराकडे चूल घेतानाच एक जादा मागून घ्या, नंतर तो हात वर करतो.