गणित तराजू: आठ महिन्यांनंतरही रिकामा दांडा तिरकाच

जूनमध्ये सहावीच्या वर्गासाठी पदरचे ६५० रुपये घालून घेतला. मधोमध टेकलेला दांडा, दोन्ही बाजूंना मधल्यापासून सारख्या अंतरांवर आकडे घातलेल्या खुंट्या, त्यांवर कडीने सारखी वजनं टांगायची. दोन्हीकडच्या आकड्यांची बेरीज सारखी झाली की दांडा सरळ व्हायचा. परवा चौथ्या वजनाची कडी तुटली, म्हणून लिहायला बसले.

मुख्य तक्रार एकच. रिकामा दांडा सरळ राहत नाही, डावं टोक जरासं खालीच. शून्यावर आणायची सरकपट्टी ढिली आहे, हात लागला की हलते. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "एवढा फरक चालतो." नाही चालत! फळ्यावर ८ + ४ = □ + ५ लिहिलं, तर बहुतेकांनी चौकटीत १२ भरले, दोघांनी १७. त्यांच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा'. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली हे चिन्ह वापरलं तेव्हा सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा घेतल्या, कारण याहून सारख्या दोन वस्तू असूच शकत नाहीत असं त्याने लिहिलं. तो सारखेपणा डोळ्यांना दिसावा म्हणून हे साधन घ्यायचं, आणि तेच रिकामं असताना तिरकं.

तरी मुलं खेळली. डावीकडे ८ आणि ४ वर वजन, उजवीकडे ५ वर एक. दुसरं कुठे? खुंट्या चाचपत ७ वर आली. एकीकडे ६ वर दोन आणि दुसरीकडे ४ वर तीन लावली तरी दांडा सरळ होतो, हे त्यांनी आपणहून शोधलं.

सप्टेंबरपर्यंत मी दोनच तारे दिले असते. मग गणपतीची उरलेली शाडू एका मुलीने उजव्या टोकाला चिकटवली आणि दांडा सरळ झाला. आठवड्याने पुन्हा डावीकडे. "बाई, माती वाळली. किती पाणी उडालं ते काढता येईल?" मी कधीच न विचारलेला प्रश्न! शाडूच्या जागी मेण लावलं. मग सायकलचा एक नट दोऱ्याने उजवीकडे १० वर टांगला. डावीकडे ५ वर एक वजन लावलं, तेव्हा समतोल. वहीत लिहिलं, १० × न = ५. न म्हणजे अर्धं वजन. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे मी वर्षानुवर्षं पाठ करून घेत आले. यंदा आधी दोन्हीकडून सारखं काढायला लावलं, नियम नंतर.

क्ष + ७ = ४ यावर दाखवता येत नाही. ऋण संख्यांसाठी अंकरेषाच बरी.

आता साडेतीन तारे. अर्धा त्या सरकपट्टीचा कापला, एक कड्यांचा. सुटी वजनं मिळत नाहीत, पूर्ण संचच घ्या म्हणतात. चार कड्यांसाठी पुन्हा ६५० घालणार नाही. तुटलेल्या वजनांना तांब्याची तार गुंडाळली. ती जड झाल्याचं शेवटच्या बाकावरच्या मुलांनी दुसऱ्याच दिवशी पकडलं, आता तारेचं वजन काढणं चालू आहे.