जोडीनृत्याच्या टीव्ही स्पर्धा: उचलणाऱ्याचे पाय बघा

शनिवार-रविवारी रात्री सोलापुरात जेवणं आटोपत आलेली असतात आणि बऱ्याच घरांत निकाल ताटावरच लागतो: "काय लिफ्ट मारली बे, तीसपैकी तीस!" लिफ्ट, म्हणजे जोडीदाराला उचलणं, दिसते छानच. पण तेवढ्यावरून जोडीला मार्क देणं म्हणजे शेंगाचटणीचा रंग बघून चव सांगणं. लिफ्टच्या आधीच्या आठ काउंटमध्ये, म्हणजे तालाच्या आठ मोजण्यांत, दोघं काय करतात, तिथे खरा कस लागतो, आणि नेमका तोच भाग या कार्यक्रमांत सगळ्यात कमी दिसतो.

आधी एक फरक लक्षात घ्या. 'झलक दिखला जा' हा बीबीसीच्या २००४ सालच्या 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग'चा भारतीय अवतार, आपल्याकडे २००६ मध्ये आला. त्यात एक नामवंत चेहरा आणि त्याच्यासोबत नाचणारा व्यावसायिक कोरिओग्राफर. 'नच बलिये' त्याच्या आदल्या वर्षीचा. तिथे खऱ्या आयुष्यातली जोडी नाचते आणि कोरिओग्राफर स्टेजच्या बाहेर उभा असतो. पहिलं पर्व सचिन आणि सुप्रिया पिळगांवकर यांनी जिंकलं, २०१५ चं सातवं अमृता खानविलकर आणि हिमांशू मल्होत्रा यांनी. पहिल्या प्रकारात जोडीतला एक जण दुसऱ्याच्या चुका नाचता नाचता सावरून घेऊ शकतो. दुसऱ्यात तशी सोय नाही. एकाचा काउंट सुटला की दोघं सुटले. दोन्हींना एकच फूटपट्टी लावू नका.

'झलक'च्या पद्धतीत झाकाझाकीचं कसब बघण्यासारखं असतं. कच्च्या नर्तकाला मध्यभागी खांबासारखं उभं करायचं आणि पक्क्याने त्याच्याभोवती फिरायचं; प्रेक्षकाला वाटतं दोघंही भरपूर हलले. ठेक्याच्या जोरकस ठोक्यावर पोझ द्यायची, मधल्या अवघड पावलांच्या जागी चालत जायचं. खुर्ची, ओढणी, पाण्याचा हौद, काहीतरी हाताशी आणायचं. यात लबाडी काही नाही, तो कोरिओग्राफीचाच भाग आहे. पण मोजायचं असेल तर एक सोपा हिशेब आहे: दोन-अडीच मिनिटांच्या ॲक्टमध्ये नामवंत माणूस हात न धरता, जागा बदलत, पूर्ण आठ काउंट किती वेळा नाचला? चार-पाच वेळा नाचला असेल तर मेहनत पायांत उतरली आहे. एकदाही नसेल तर टाळ्या कोरिओग्राफरच्या.

दुसरी तपासणी होल्डची, म्हणजे दोघांनी एकमेकांना धरण्याची. वॉल्ट्झसारख्या पाश्चात्त्य जोडीनृत्यात पुरुषाचा उजवा हात जोडीदारणीच्या डाव्या खांद्याच्या पात्याखाली असतो, तिचा डावा हात त्याच्या दंडावर, आणि दोघांची कोपरं उचललेली. हीच फ्रेम. वळायचा इशारा छातीतून निघतो आणि या चौकटीतून पोचतो. कोपर खाली पडलं की इशारा तुटतो, मग तो तिला मनगटाने ओढतो. ओढाओढ झाली की तिचं डोकं शरीराच्या नंतर वळतं. अर्ध्या ठोक्याचाच उशीर, पण मोबाईलवर ०.५ स्पीडने बघितलं तर स्वच्छ दिसतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे आवाज बंद करून ॲक्ट परत बघणं. गाणं नसताना दोघांची पावलं एकाच वेळी पडत असतील तर काउंट पक्का आहे. पडत नसतील तर मघाशी ढोल-ताशा आणि व्हायोलिनने तुम्हाला फसवलं होतं.

तालाचीही एक गोम आहे. वॉल्ट्झ तीनच्या गिणतीचा, मिनिटाला ८४ ते ९० ठोके. आपली बहुतेक नाचाची गाणी कहरव्याच्या अंगाची, म्हणजे चार-आठची. त्यामुळे दादऱ्यातलं, म्हणजे सहा मात्रांचं, गाणं निवडलं तर वॉल्ट्झ आपसूक बसतो. कहरव्यातल्या गाण्यावर ओढूनताणून बसवला की दर तिसऱ्या पावलाला नर्तक थांबून गाण्याची वाट बघताना दिसतो. चा-चा-चा या लॅटिन नाचाची अधिकृत गती मिनिटाला १२० ते १२८ ठोक्यांची. रिमिक्स करताना गाणं त्याच्या पुढे पळवलं की गुडघा सरळ व्हायला वेळच उरत नाही. या प्रकारात कमरेची लय गुडघा सरळ होण्यातून येते, म्हणून मग कंबर वेगळी हलवावी लागते आणि नाच कवायतीसारखा होतो. साल्सा या दुसऱ्या लॅटिन नाचात चौथा आणि आठवा ठोका रिकामा असतो. तो रिकामा सोडायचं धैर्य नवख्यात नसतं, तो तिथेही पाय आपटतो.

आता लिफ्ट. या बाबतीत सोलापूरकरांची नजर तयार असायला हरकत नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेला एक मानकरी ती उंच काठी कंबरेशी पेलून चालतो. काठी उभी आहे तोवर एकटा पुरतो. ती कलू लागली की तोल आवरायला कितीही हात कमीच. लिफ्टचं गणित हेच: वजन टाचांच्या बरोबर वर, अंगाला चिकटून.

क्रम असा असतो. सातव्या काउंटला दोघांचे गुडघे एकत्र वाकतात. आठव्याला ती उडी घेते आणि उडी चढती असतानाच तो पाय सरळ करतो. निम्मं काम तिच्या उडीचं, उरलेलं त्याच्या मांड्यांचं. हात फक्त शेवटी सरळ होऊन टेकू देतात. तिची उडी अर्धा काउंट उशिरा झाली की त्याच्या वाट्याला मेलेलं ओझं येतं. मग कंबर मागे वाकते, हनुवटी वर जाते आणि वर नेल्यानेल्या तो एक पाऊल मागे सरकतो. तेवढं एक पाऊल दिसलं तरी समजावं, लिफ्ट ताकदीवर मारलेली आहे, वेळेवर नाही. वर गेलेलीने पोट ढिलं सोडलं, तरी तेच. पोट आवळलं की शरीर एकसंध राहतं. ढिलं शरीर पाण्याने भरलेल्या पोत्यासारखं हातातून सांडतं.

उतरणं तर चढण्याहून अवघड. चांगली जोडी चार काउंट घेऊन खाली येते, पायाचा चवडा आधी टेकतो, टाच नंतर, आणि तिथूनच पुढची स्टेप सुरू होते. नेमकं त्याच क्षणी कॅमेरा परीक्षकाच्या उघड्या तोंडावर जातो. अख्ख्या कार्यक्रमावर राग यावा अशी एकच गोष्ट असेल तर ही. त्यावर आई-वडिलांच्या संघर्षाची व्हीटी, म्हणजे मध्येच दाखवायची चित्रफीत, हा वेगळाच विषय. तेवढ्यात भांडी घासून होतात.

लावणी जोडीत बसवतात तेव्हा मात्र बहुतेक वेळा फसतं. मोडनिंबच्या कलाकेंद्रांमुळे या जिल्ह्याला बैठकीची अदा परकी नाही. लावणीची नजर समोरच्या रसिकावर असते, जोडीदारावर नाही. नाचणाऱ्या पुरुषाला सोंगाड्या किंवा ढोलकीवाला करून बाजूला ठेवलं तर ॲक्ट उभा राहतो. तिला उचलून गिरकी दिली की नऊवारीचा काष्टा आणि लावणी दोन्ही सुटतात.

हे सगळं बघून आपल्या मंगल कार्यालयात संगीतला तोच ॲक्ट बसवणाऱ्यांसाठी थोडं. टीव्हीवरची जमीन गुळगुळीत आणि सलग असते. आपलं स्टेज म्हणजे लोखंडी सांगाड्यावर प्लायच्या फळ्या आणि वर ठोकलेलं मॅटिंग. बुटाचा रबरी तळवा मॅटिंगला धरून बसतो, अंग फिरतं, पाय फिरत नाही, आणि पीळ गुडघ्यात जातो. म्हणून एका जागी एकाहून जास्त गिरक्या ठेवू नका, आणि आदल्या दिवशी सगळं स्टेज चालून फळ्यांचे सांधे कुठे दबतात ते बघा. शेरवानीची बाही दंडापाशी अडकते, हात खांद्याच्या वर जातच नाही. तालीम त्याच कपड्यांत करा. ड्राय आइसचा धूर खाली बसला की पृष्ठभाग ओलसर होतो, तेव्हा धूर शेवटच्या पोझलाच सोडा.

लिफ्टऐवजी डिप घ्या, म्हणजे तिला हातावर मागे झुकवा. पुरुषाने डावा पाय बाजूला लांब टाकायचा, गुडघा वाकवून वजन त्याच पायावर घ्यायचं, उजवा हात तिच्या पाठीच्या मध्यावर. तिने स्वतःचं वजन टेकलेल्या पायावरच ठेवायचं, त्याच्या गळ्याला लटकायचं नाही. चार काउंट खाली, चार वर. आणि त्याआधी गळ्यातले हार काढून ठेवा. झेंडूच्या पाकळीवरून टाच सहज घसरते.