पसरणी घाटात कळलेली लाल कॅलिपरची किंमत

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका दुकानातून मी माझ्या आठ वर्षे जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांना चार पिस्टनचे लाल कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारे भाग, बसवून घेतले आणि त्यात 58 हजार रुपयांना फसलो. हे सविस्तर लिहिण्याचे कारण मात्र पैसे नाहीत. पसरणी घाटात ते ब्रेक निकामी झाले त्या दिवशी मागच्या सीटवर माझे आईवडील बसले होते.

दुकानदाराने दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या. माल ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा अस्सल आहे, आणि मूळच्या एका पिस्टनऐवजी चार आले की गाडी निम्म्या अंतरात थांबते.

दुसरी गोष्ट मला तिथेच खटकायला हवी होती. गाडी शेवटी थांबते ती टायरच्या पकडीवर. मूळ ब्रेक जोरात दाबल्यावर पायाखाली एबीएसची (चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर जाणवत असेल, तर चाक अडवण्याइतकी ताकद त्या ब्रेकमध्ये आधीच आहे, आणि त्यापुढे नुसते कॅलिपर बदलून अंतर निम्मे होणे शक्य नाही. पिस्टनच्या संख्येचेही तसेच आहे; जोर संख्येवर नव्हे, तर एका बाजूच्या पिस्टनच्या एकूण क्षेत्रफळावर ठरतो. सरकत्या, म्हणजे एकाच बाजूला पिस्टन असलेल्या कॅलिपरमधल्या 57 मिलिमीटर व्यासाच्या एका पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे 2550 चौरस मिलिमीटर भरते. चार पिस्टनच्या स्थिर कॅलिपरमध्ये एका बाजूला दोनच पिस्टन असतात, आणि ते प्रत्येकी 40 मिलिमीटरचे असतील तर त्यांची बेरीज 2510 च्या आसपास, म्हणजे उलट किंचित कमीच येते. चांगल्या कॅलिपरचा खरा फायदा वेगळाच आहे. तो दाबाखाली कमी फाकतो, पॅड डिस्कवर सगळीकडे सारखा टेकवतो आणि मोठ्या, जाड डिस्कची जोड असेल तर वारंवार ब्रेक मारूनही पेडल पहिल्यासारखे घट्ट राहते. त्याचा कस लागतो तो घाट उतरताना.

पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना, चौथ्या-पाचव्या वळणानंतर पेडल मऊ पडू लागले आणि पुढच्या वळणावर ते जवळजवळ तळाला गेले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक हळूहळू ओढत मी ती डोंगराच्या बाजूला कशीबशी थांबवली. डावे पुढचे चाक आतून ब्रेक ऑइलने ओले झाले होते.

वाईहून आलेल्या मेकॅनिकने चाक काढून मला जवळ बोलावले. कॅलिपरच्या दोन भागांच्या सांध्यातून तेल पाझरत होते. ऑइलने भिजलेला लाल रंग त्याने नखाने खरवडला, तर पापुद्र्यासारखा निघाला आणि त्याच्याबरोबर कंपनीचे नावही सोलून आले, कारण ते साधे स्टिकर होते. डिस्कच्या आतल्या कडेला बोटभर रुंदीचा गंजलेला पट्टा होता. कॅलिपर गाडीला जोडणाऱ्या, स्थानिक वर्कशॉपमध्ये कापलेल्या ब्रॅकेटमुळे तो बाहेर सरकला होता आणि पॅड तिथे कधी टेकलाच नव्हता. म्हणजे ब्रेक मूळच्यापेक्षाही कमी झाला होता.

अस्सल ब्रेम्बो हाय-परफॉर्मन्स किटसोबत स्क्रॅच करून पाहायचा कोड असलेले एक कार्ड येते आणि तो कोड कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. माझ्या खोक्यात असे कार्ड नव्हते, आणि ते मागावे हे मला माहीत नव्हते. असा माल घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी दुकानातच उभे राहून तो कोड तपासावा, आणि किट नेमके आपल्या मॉडेलसाठी आहे हे बिलावर लिहून घ्यावे. ब्रॅकेट ‘बनवून देतो’ असे कोणी म्हटले तर तिथूनच परत फिरावे.

माझ्या बिलावर फक्त ‘कॅलिपर सेट’ एवढेच लिहिलेले होते. त्याच्या आधाराने दुकानदाराने ब्रँडचे नाव आपण घेतलेच नाही असे सांगून हात वर केले, आणि ठेवून घेतलेले मूळ कॅलिपर भंगारात गेल्याचे कळवले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. गाडीला आता कंपनीचेच साधे कॅलिपर, नव्या डिस्क, नवे पॅड आणि चार नवे टायर आहेत. काढलेले लाल कॅलिपर मी पुरावा म्हणून जपून ठेवले आहेत.