सिमसिटी ४ डिलक्स : मॅक्सिस गेली, गेम अजून भारी आहे

शहर बांधायचे गेम आवडत असतील आणि लॅपटॉप साधा असेल तर डोळे झाकून मॅक्सिस कंपनीचा सिमसिटी ४ डिलक्स घ्या, स्टीम आणि जीओजी या ऑनलाइन गेम दुकानांत मिळतो, सेल लागला की लय स्वस्त. २००३ चा गेम आहे पण त्यातलं गणित आजही कसलं पक्कं आहे.

मी यात सोलापूरसारखं काहीतरी बांधत बसतो. एमआयडीसी एका बाजूला, कामगारांची घरं पार दुसऱ्या टोकाला आणि मधे एकच रस्ता ठेवला की ट्रॅफिक तुंबतं, लोकांना कामावर पोचायला वेळ लागायला लागतो आणि मग चांगली घरं रिकामी पडायला लागतात. पाण्याचंही तसंच, पाइपलाइन नसेल तर बैठी घरं होतात पण उंच बिल्डिंगा उभ्याच राहत नाहीत, आणि शेजारच्या शहराकडून पाणी विकत घ्यायची सोय आहे. उजनीचं पाणी काही दिवसांआड येणाऱ्या आपल्या गावात राहून हे खेळताना फार जवळचं वाटतं. प्रत्येक चुकीमागं कारण असतं आणि शोधलं की सापडतं, म्हणून मला हा गेम एवढा आवडतो.

मॅक्सिसचा पिंडच तो होता. विल राइट आणि जेफ ब्रॉन यांनी १९८७ ला कंपनी काढली, ज्यात जिंकणं-हरणं नाही असा गेम कोण घेणार म्हणून पब्लिशर तयार नव्हते, आणि १९८९ ला पहिला सिमसिटी आला तो तुफान चालला. १९९५ ला शेअर बाजारात गेले, मग घाईघाईत काढलेले गेम पडले आणि १९९७ ला साडेबारा कोटी डॉलरला ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) या बड्या गेम कंपनीनं मॅक्सिस घेतली. २००० ला मॅक्सिसच्याच द सिम्स या माणसांचं रोजचं आयुष्य चालवायच्या गेमनं छप्पर फाडलं, सिमसिटी ४ पण ईएच्याच काळातला, त्यामुळं मॅक्सिस संपली याचं सगळं खापर ईएला कंपनी विकण्यावर फोडणं मला पटत नाही.

खरा घात २०१३ च्या सिमसिटीनं केला. एकट्यानं खेळायचं तरी इंटरनेट सक्तीचं, पहिल्याच आठवड्यात सर्व्हर बसले, शहराला जागा इवलीशी, आणि त्यातला माणूस संध्याकाळी जे घर आधी सापडेल त्यात शिरायचा, म्हणजे ज्या गणितावर लोकांचा जीव होता तेच पोकळ. ऑफलाइन मोड दिला तो वर्षभरानं. विल राइट तर २००९ लाच कंपनी सोडून गेलेला. मार्च २०१५ मधे मॅक्सिसचा कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलचा मुख्य स्टुडिओ बंद झाला आणि त्याच महिन्यात फिनलंडच्या छोट्याशा टीमचा सिटीज स्कायलाइन्स आला, लोक तिकडं वळले. मॅक्सिस नाव सिम्सवर अजून आहे, पण शहरवाली मॅक्सिस संपली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता सिमसिटी ४ चे दोष. नवीन मशीनवर क्रॅश होतो, सेटिंगमधे एकच सीपीयू कोअर वापरायला लावला की बराच थांबतो. ऑटोसेव्ह नाही, तेव्हा सारखं सेव्ह करत राहा. ट्रॅफिकसाठी चाहत्यांनी केलेला नेटवर्क अ‍ॅडऑन मॉड (गेममधे वरून टाकायची भर) टाकाच, फुकट आहे. आणि सुरुवातीलाच हॉस्पिटल, शाळा, फायर स्टेशन सगळं एकदम बांधू नका, महिन्याचा खर्चच तिजोरी खाली करतो.